डायरेक्ट आय/ओ: लॅपटॉपवर चालणारे लिखाण बार्जवरच्या पेटीत 'इनव्हॅलिड आर्ग्युमेंट' का देते?

प्रश्न (वेर्णा)

नमस्कार. मी वेर्णा औद्योगिक वसाहतीतल्या एका लहान कंपनीत काम करतो. मांडवी आणि जुवारी या नद्यांतून लोहखनिज मुरगाव बंदराकडे नेणाऱ्या बार्जच्या इंजिनांचे कंपन सतत नोंदवणारी एक पेटी आम्ही तयार करत आहोत. पेटीत एआरएम प्रोसेसरचा बोर्ड आणि १ जीबी मेमरी आहे, त्यावर लिनक्सचा ५.१० हा कर्नेल चालतो आणि फाइल सिस्टम एक्स्ट-४ आहे. संवेदकांच्या १६ वाहिन्या असून प्रत्येक वाहिनीवर सेकंदाला २५,६०० नमुने घेतले जातात. २५६ नमुन्यांचा एक गट झाला की त्याची एक नोंद बनते. प्रत्येक नमुना ४ बाइटचा असल्याने नोंदीतला मजकूर १६,३८४ बाइट होतो आणि त्याच्या आधी २४ बाइटचे शीर्षक असते, म्हणजे एकूण १६,४०८ बाइटची नोंद, अशा सेकंदाला १०० नोंदी.

सुरुवातीला आम्ही साध्या पद्धतीने लिहीत होतो. तेव्हा पेज कॅशमध्ये (डिस्कवर जाण्याआधी मजकूर थांबतो त्या कर्नेलच्या मेमरीत) साचलेली पाने, म्हणजे मेमरीचे ठरावीक आकाराचे तुकडे, कर्नेल एकदम डिस्ककडे रवाना करू लागला की आमचे लिखाण मध्येच अडकून पडत असे आणि तेवढ्या वेळातले नमुने गळत असत. म्हणून फाइल ओ-डायरेक्ट हा पेज कॅश टाळणारा ध्वज लावून उघडायचे ठरवले. लिखाणाची लांबी ५१२ च्या पटीत हवी असे वाचले होते, म्हणून प्रत्येक नोंदीच्या शेवटी शून्ये भरून ती १६,८९६ बाइटची केली, म्हणजे बरोबर ३३ सेक्टर (सेक्टर म्हणजे डिस्कवर एका वेळी लिहिता येणारा लहानात लहान तुकडा). बफर, म्हणजे लिहायचा मजकूर जमवण्याची मेमरीतली जागा, मात्र मॅलॉक या नेहमीच्या फंक्शननेच घेतला होता, एकदम १ एमआयबीचा (१०,४८,५७६ बाइट).

माझ्या लॅपटॉपवर हे काहीही तक्रार न करता चालले. पेटीतल्या डिस्कवर मात्र पहिल्याच लिखाणाला 'इनव्हॅलिड आर्ग्युमेंट', म्हणजे त्रुटी क्रमांक २२, मिळाला. मग बफर पॉसिक्स-मेमअलाइन या फंक्शनने ५१२ च्या सीमेवर, म्हणजे ५१२ ने भागल्या जाणाऱ्या पत्त्यावर, घेतला आणि पेटी चालू लागली. पण गेल्या आठवड्यात एका बार्जवर मोठ्या क्षमतेची डिस्क यूएसबीच्या कप्प्यातून जोडली, आणि तिथे पुन्हा तोच त्रुटिसंदेश, तोही पहिल्याच लिखाणाला. एस-ट्रेस या सिस्टम कॉल दाखवणाऱ्या साधनाने पाहिले तर बफरचा पत्ता ५१२ ने भागला जातो, लांबीही भागली जाते आणि ऑफसेट (फाइलमधली लिखाणाची जागा) तर शून्यच आहे.

माझे प्रश्न असे आहेत. नेमके कोणाचे कोणाशी जुळायला हवे, आणि ते यंत्रागणिक कसे बदलते? ५१२ हा आकडा चुकीचा असेल, तर बरोबर आकडा प्रोग्रामने कुठून घ्यावा? आणि फाइल बंद करताना उरणारा, कोणत्याच पटीत न बसणारा शेवटचा तुकडा कसा लिहावा? पावसाळा तोंडावर आहे. मांडवीच्या आग्वादकडील मुखावरची वाट बंद होऊन बार्ज कुंभारजुव्याच्या कालव्याने जाऊ लागण्याआधी हे निस्तरायचे आहे. कोणाला अनुभव असल्यास कृपया सविस्तर सांगावे.

उत्तर (फोंडा)

आपला प्रश्न नीट मांडलेला आहे आणि त्यातच निम्मे उत्तर दडलेले आहे. मी विद्यार्थ्यांना ऑपरेटिंग सिस्टम शिकवतो आणि दरवर्षी हाच घोळ पाहतो, म्हणून थोडे मुळापासून लिहितो.

साध्या लिखाणात आपला बफर आणि डिस्क यांच्या मध्ये पेज कॅश उभी असते. आपण कोणत्याही पत्त्यावरून, कितीही बाइट, फाइलमधल्या कोणत्याही जागी लिहिले तरी चालते, कारण कर्नेल ते स्वतःच्या पानांमध्ये उतरवून घेतो आणि डिस्कला रुचेल अशा पूर्ण ब्लॉकमध्ये नंतर पाठवतो. ओ-डायरेक्ट लावताच हा मधला माणूस बाजूला होतो. डिस्कचा नियंत्रक डीएमएच्या, म्हणजे प्रोसेसरला मध्ये न घेता मेमरी वाचण्याच्या, मार्गाने थेट आपल्या बफरमधून बाइट उचलतो आणि डिस्कला मात्र पूर्ण सेक्टरखेरीज काही लिहिताच येत नाही. म्हणून जी जुळवाजुळव कर्नेल मुकाट्याने करत होता ती आता आपल्या अंगावर येते.

जुळायला हव्यात त्या गोष्टी तीन: फाइलमधला ऑफसेट, लिखाणाची लांबी आणि मेमरीतल्या बफरचा पत्ता. ऑफसेट आणि लांबी यांचा संबंध डिस्कच्या सेक्टरशी आहे, तर पत्त्याचा संबंध डीएमए करणाऱ्या हार्डवेअरशी. बहुतेक लेखांमध्ये तिघांना एकच आकडा लावून टाकतात, आणि जुन्या कर्नेलवर ते व्यवहारात खपूनही जात असे. कर्नेल २.४ मध्ये तिन्ही गोष्टी फाइल सिस्टमच्या ब्लॉकच्या पटीत लागत असत. २.६ पासून डिस्कचा लॉजिकल सेक्टर (डिस्क बाहेर सांगते तो सेक्टरचा आकार) पुरेसा झाला, आणि तो सहसा ५१२ बाइटचा असल्याने ५१२ हा आकडा सगळीकडे रूढ झाला. पुढे ६.० या कर्नेलपासून पत्त्याची अट सेक्टरपासून वेगळी करण्यात आली. आता पत्ता डिस्कच्या ड्रायव्हरने सांगितलेल्या डीएमए मर्यादेइतका जुळला तरी पुरतो, आणि अनेक एनव्हीएमई (नव्या, वेगवान जोडणीच्या) डिस्कवर ही मर्यादा केवळ ४ बाइटची आहे.

आपल्या लॅपटॉपचे कोडे इथेच सुटते. मॅलॉक पुरवणारी जीलिबसी ही लायब्ररी साधारण १२८ केआयबीपेक्षा मोठी मागणी आली की एम-मॅप या सिस्टम कॉलने कर्नेलकडून वेगळी पाने घेते आणि त्यांच्या सुरुवातीला स्वतःच्या हिशेबाचे १६ बाइट ठेवून त्यापुढचा पत्ता आपल्या हाती देते. त्यामुळे १ एमआयबीचा मॅलॉक केलेला बफर पानाच्या सीमेपासून नेमका १६ बाइट सरकलेला असतो. पत्ता सोळा-आधारी पद्धतीने छापून पाहा, शेवटी ०१० दिसेल. हा पत्ता ५१२ ने कधीच भागला जाणार नाही, पण ४ ने भागला जातो. आपला लॅपटॉप नव्या कर्नेलचा आणि एनव्हीएमई डिस्कचा असणार, म्हणून त्याने तो स्वीकारला. पेटीतल्या ५.१० ने जुन्या नियमाप्रमाणे नाकारला. चूक दोन्हीकडे तीच होती, एका यंत्राने ती चालवून घेतली एवढेच.

आता यूएसबीचा कप्पा. यूएसबी ते साटा असे रूपांतर करणारे काही पूल आतली डिस्क ५१२ ची असली तरी बाहेर ४०९६ बाइटचा लॉजिकल सेक्टर दाखवतात. त्याचे कारण जुने आहे: एमबीआर पद्धतीच्या विभाजन-तक्त्यात सेक्टरचा क्रमांक ३२ बिटांत बसवावा लागतो, त्यामुळे ५१२ च्या सेक्टरने २ टीआयबीच्या पुढे जाता येत नाही, आणि सेक्टर आठपट मोठा दाखवला की ती मर्यादा १६ टीआयबीपर्यंत सरकते. आपली १६,८९६ बाइटची नोंद ४०९६ ने भागून पाहा. सव्वाचार नव्हे, ४.१२५ येते. ऑफसेट शून्य असला आणि पत्ता कसाही असला तरी लांबीच बसत नाही, म्हणून पहिलेच लिखाण परत आले. खात्री करायची असेल तर ब्लॉक-डेव्ह या आज्ञेला 'गेट-एसएस' हा पर्याय देऊन त्या डिस्कवर चालवा, किंवा सिस फाइल सिस्टममध्ये त्या डिस्कच्या 'क्यू' विभागातील 'लॉजिकल_ब्लॉक_साइझ' ही फाइल वाचा. शेजारची 'फिजिकल_ब्लॉक_साइझ' वाचून फसू नका. बाहेर ५१२ दाखवणाऱ्या पण आत ४०९६ चे सेक्टर असणाऱ्या डिस्क फार आहेत. त्यांवर ५१२ च्या पटीतले लिखाण चालते, फक्त डिस्कला आतल्या आत जुना सेक्टर वाचून, बदलून पुन्हा लिहावा लागत असल्याने ते मंद होते.

बरोबर आकडा कुठून घ्यावा याचे उत्तर: त्या फाइललाच विचारावे, आणि विचारणे प्रोग्राम चालू असताना व्हावे. ६.१ पासून स्टॅटएक्स या फाइलची माहिती देणाऱ्या सिस्टम कॉलला 'डीआयओ-अलाइन' हा मुखवटा देता येतो. तो दोन वेगळे आकडे परत करतो, एक मेमरीच्या पत्त्यासाठी आणि एक ऑफसेट व लांबीसाठी. दोन्ही शून्य आले तर त्या फाइलवर डायरेक्ट आय/ओ होत नाही असे समजावे आणि साध्या पद्धतीवर यावे. मुखवट्याचा तो बिट उत्तरात लागलेलाच नसेल, तर कर्नेलला किंवा फाइल सिस्टमला ही चौकशी ठाऊक नाही. आपल्या ५.१० वर असेच होईल. तिथे डिस्कचा लॉजिकल सेक्टर वर सांगितलेल्या 'क्यू' विभागातून वाचावा, आणि तोही मिळाला नाही तर ४०९६ धरून चालावे. ४०९६ ही ५१२ चीही पट असल्याने मोठा आकडा धरल्याने बिघडत काही नाही, थोडी जागा जास्त जाते.

बफरच्या बाबतीत तर काटकसर करूच नका. अट ४ बाइटची असो की ५१२ ची, बफर नेहमी पानाच्या सीमेवर घ्या. पानाचा आकारही सिसकॉन्फ या फंक्शनला विचारून घ्या, कारण एआरएमच्या ६४ बिट यंत्रांवर तो ४, १६ किंवा ६४ केआयबी असू शकतो. पॉसिक्स-मेमअलाइनला दिलेली सीमा दोनाचा घात असावी लागते आणि पॉइंटरच्या आकाराची पट असावी लागते. ते फंक्शन चूक झाल्यास त्रुटीचा क्रमांक स्वतःच परत करते, त्रुटी ठेवणारी नेहमीची चल एर्‍नो बदलत नाही. माझ्या विद्यार्थ्यांपैकी निम्मे इथेच चुकीची चल तपासतात. घेतलेली जागा नेहमीच्याच फ्रीने सोडायची असते.

आणि शेवटचे, पण माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे: प्रत्येक नोंद शून्ये भरून सेक्टरात कोंबणे सोडून द्या. नोंदीची लांबी हा आपल्या मजकुराचा गुण आहे आणि सेक्टर हा डिस्कचा. दोघांची गाठ बांधली की डिस्क बदलल्यावर फाइलचा आराखडाच बदलावा लागतो, आणि नेमके तेच आपल्या वाट्याला आले. नोंदी १६,४०८ बाइटच्याच राहू द्या आणि १ एमआयबीच्या बफरमध्ये एकापाठोपाठ एक, मध्ये फट न ठेवता, भरत जा. १०,४८,५७६ बाइटांत ६३ नोंदी पूर्ण बसतात आणि ६४ व्या नोंदीचे १४,८७२ बाइट मावतात. बफर भरताच तो संपूर्ण लिहा आणि त्या नोंदीचे उरलेले १,५३६ बाइट दुसऱ्या बफरच्या सुरुवातीला ठेवून भरणे चालू ठेवा. लिखाण नेहमी पूर्ण बफराचे, ऑफसेट नेहमी १ एमआयबीच्या पटीत, पत्ता पानाच्या सीमेवर. मग सेक्टर ५१२ चा असो की ४०९६ चा, तिन्ही अटी आपोआप पाळल्या जातात. आपल्या गतीने एक बफर भरायला सुमारे ०.६४ सेकंद लागतो, म्हणजे दोन बफर आणि लिहिणारा एक वेगळा थ्रेड (प्रोग्रामचा समांतर चालणारा भाग) एवढ्यावर काम भागावे. डिस्क अधूनमधून रुसत असेल तर बफर चार करा.

उत्तर (म्हापसा)

फोंड्याहून आलेले उत्तर पूर्ण आहे. त्यात न आलेल्या शेपटाविषयी, म्हणजे शेवटच्या अपुऱ्या तुकड्याविषयी, आणि काही धोक्यांविषयी मी लिहितो. मी बरीच वर्षे चित्रीकरण साठवणाऱ्या यंत्रांवर काम केले आहे आणि शेपटाने आम्हाला जितके छळले तितके दुसऱ्या कशानेच नाही.

फाइल बंद करताना समजा शेवटच्या बफरमध्ये ४०,००० बाइट उरले आहेत. यातून सुटण्याच्या दोन वाटा आहेत. पहिली अशी की लांबी सेक्टरच्या पटीपर्यंत वर न्यावी (लांबीत सेक्टर उणे १ मिळवून मग खालचे बिट शून्य करावेत), उरलेली जागा शून्यांनी भरावी, ४०९६ चा सेक्टर धरून ४०,९६० बाइट डायरेक्ट लिहावेत आणि मग एफ-ट्रंकेटने फाइल खऱ्या लांबीवर कापावी. जागा शून्यांनी भरण्याचे विसरू नका, नाही तर आधीच्या बफरमधल्या जुन्या नोंदींचे अवशेष डिस्कवर जातात, आणि कापण्याआधी वीज गेली तर वाचणाऱ्या प्रोग्रामला ते खरेच वाटतात. दुसरी वाट अशी की एफसीएनटीएल या सिस्टम कॉलने त्या उघड्या फाइलवरचा ओ-डायरेक्ट ध्वज काढावा, शेपूट साध्या पद्धतीने लिहावे आणि एफ-डेटासिंक (मजकूर डिस्कवर नक्की उतरवायला सांगणारा कॉल) करावे. जीएनयूची डीडी ही आज्ञा डायरेक्ट लिहिताना शेवटचा अपुरा ब्लॉक याच पद्धतीने लिहिते. मला स्वतःला पहिली वाट आवडते, कारण एकाच फाइलवर डायरेक्ट आणि साधे लिखाण मिसळण्याची वेळ येत नाही. पेज कॅश आणि डिस्क यांत एकाच जागेच्या दोन प्रती राहिल्या तर त्या जुळत्या ठेवण्याचा भार कर्नेलवर येतो, आणि ओपनच्या मॅन्युअल पानावरही ही सरमिसळ टाळण्याचाच सल्ला आहे.

कापलेल्या फाइलला पुन्हा पुढे लिहायचे असेल तर मात्र सांभाळा. तिची लांबी आता सेक्टरच्या पटीत नाही, म्हणून शेवटचा अपुरा सेक्टर आधी वाचून बफरच्या सुरुवातीला ठेवावा लागेल आणि त्या सेक्टरच्या आरंभापासून लिहावे लागेल. आपल्या कामासाठी याच्या वाटेला न जाता पेटी सुरू झाल्यावर दर वेळी नवी फाइल उघडणे अधिक सोपे आणि सुरक्षित होईल.

वाचतानाही शेपूट त्रास देते. डायरेक्ट वाचनात फाइलच्या अखेरीस मागितल्यापेक्षा कमी बाइट मिळतात, आणि साध्या फाइलच्या सवयीने आपण 'शून्य येईपर्यंत वाचत राहा' असे आवर्तन लिहिले असेल तर पुढचे वाचन पटीत नसलेल्या ऑफसेटवरून होते. काही फाइल सिस्टम तिथे शून्य देतात, काही त्रुटी २२ देतात. मिळालेली संख्या मागणीपेक्षा कमी असली तर फाइलची लांबी ताडून पाहा आणि अखेर आली असेल तर थांबा. लिखाणातही पी-राइट या लिहिण्याच्या कॉलने कमी बाइट लिहिल्याचे कळवले, तर उरलेला भाग लिहिण्याआधी नवा पत्ता व ऑफसेट पुन्हा जुळतात की नाही ते तपासले पाहिजे.

एक धोका बोलून दाखवतो, कारण तो कोणत्याही त्रुटिसंदेशाविना येतो. आपला प्रोग्राम अधूनमधून बाहेरची एखादी आज्ञा चालवत असेल, म्हणजे फोर्क करत असेल, आणि त्याच वेळी दुसऱ्या थ्रेडमधून डायरेक्ट आय/ओ चालू असेल, तर खासगी मेमरीतल्या बफरमधला मजकूर बिघडू शकतो. फोर्कनंतर पाने दोन्ही प्रक्रियांत वाटली जातात आणि पहिला बदल होताच त्यांची प्रत निघते, तेव्हा हार्डवेअर एका पानाकडे पाहत असते आणि आपला प्रोग्राम दुसऱ्या. मॅन्युअलात याचा स्पष्ट इशारा आहे. बफरवर एम-ॲडव्हाइझने 'डोन्ट-फोर्क' लावणे, किंवा तो सामायिक मेमरीत घेणे, हा उपाय. तसेच लिखाण पूर्ण होईपर्यंत त्या बफरला हात लावू नका. साध्या लिखाणात राइट परतला की बफर आपला असतो. ॲसिंक्रोनस डायरेक्ट लिखाणात पूर्ततेची सूचना येईपर्यंत तो हार्डवेअरचा असतो.

प्रश्नकर्ता (वेर्णा)

दोघांचेही मनापासून आभार. 'गेट-एसएस' चालवून पाहिले, कप्प्यातली डिस्क खरोखरच ४०९६ सांगते, आणि तीच डिस्क कप्प्यातून काढून थेट साटाच्या जोडणीवर लावली तर ५१२ सांगते. मॅलॉकचा पत्ताही छापला, शेवटी ०१० आहे.

फोंड्याच्या सल्ल्याप्रमाणे नोंदी सलग भरण्याची पद्धत केली आणि शेपटासाठी म्हापशाची पहिली वाट घेतली. आता पेटीतल्या आणि कप्प्यातल्या दोन्ही डिस्कवर लिखाण चालते. दोन शंका उरल्या आहेत. एक म्हणजे, कार्यालयात फाइल तपासण्यासाठी पायथनमध्ये लिहिलेला आमचा छोटा प्रोग्राम ओ-डायरेक्ट लावल्यावर त्रुटी २२ देतो, लांबी आणि ऑफसेट ४०९६ च्या पटीत असूनही. दुसरी शंका माझ्या वरिष्ठांची आहे. त्यांचे म्हणणे असे की डायरेक्ट लिहिल्यामुळे मजकूर थेट डिस्कवर जातो, तेव्हा वीज गेली तरी तो सुरक्षित आहे आणि सिंक करण्याची गरज नाही. बार्जवर जनरेटर बदलताना वीज क्षणभर जातेच, म्हणून हे नक्की करून घ्यायचे आहे.

उत्तर (फोंडा)

पायथनचे कारण पुन्हा पत्ताच आहे. ओएस-पीरीड हे वाचनाचे फंक्शन स्वतः एक बाइट्स ऑब्जेक्ट तयार करते आणि त्यातला मजकूर ऑब्जेक्टच्या शीर्षकानंतर सुरू होतो, त्यामुळे तो सेक्टरच्या सीमेवर येण्याची शाश्वती नसते. एम-मॅप या मॉड्यूलने फाइलविना, म्हणजे फाइलच्या जागी उणे १ देऊन, हवा तेवढा तुकडा घ्या. तो पानाच्या सीमेवर असतो. मग ओएस-पीरीडव्ही वापरून त्या तुकड्यातच वाचा.   पण मला खरे विचाराल तर कार्यालयातल्या तपासणीसाठी ओ-डायरेक्ट लावण्याचे काही प्रयोजन दिसत नाही. फाइल बंद झालेली आहे, लिहिणारा कोणी नाही, साधे वाचन करा आणि पुढची पाने आधीच आणून ठेवण्याचा कर्नेलचा फायदा घ्या.

वरिष्ठांचा समज मात्र दुरुस्त करायलाच हवा, आणि तो इतका पसरलेला आहे की मी त्यांना दोष देणार नाही. ओ-डायरेक्टने पेज कॅश टळते, एवढेच. डिस्कच्या आत स्वतःची तात्पुरती मेमरी असते आणि 'लिहिले' असे उत्तर मजकूर त्या मेमरीत पोचल्यावरच मिळू शकते. शिवाय फाइल वाढली की तिची नवी लांबी आणि ब्लॉकचा नकाशा हा मेटाडेटाही जर्नलमधून (फाइल सिस्टमच्या बदलांच्या नोंदवहीतून) डिस्कवर जावा लागतो. तो गेला नसेल तर मजकूर डिस्कवर असूनही फाइलला त्याचा पत्ता नसतो. या दोन्हींसाठी एफ-डेटासिंक लागतोच. फाइल ओ-डीसिंक ध्वजानेही उघडता येते, तेव्हा प्रत्येक लिखाणामागे तेच काम होते. तुमच्याकडे दर ०.६४ सेकंदाला एकच लिखाण होत असल्याने प्रत्येक बफरनंतर एफ-डेटासिंक केला तरी डिस्कवर फारसा भार येऊ नये, आणि तो वेगळ्या थ्रेडमध्ये असल्याने नमुने घेण्याचे काम अडत नाही. वीज गेल्यास अर्धवट भरलेला बफर आणि लिखाणाच्या वाटेवर असलेला बफर, एवढेच जाईल. ते स्वीकारार्ह नसेल तर बफर लहान करा, २५६ केआयबीचा चालेल, पटीत ठेवा म्हणजे झाले.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. तुमची गती सेकंदाला सुमारे १.६ एमबी आहे. नमुने घेणारा थ्रेड आणि लिहिणारा थ्रेड वेगळे केल्यावर, आणि दर बफराला सिंक करत असल्यावर, साध्या लिखाणानेही कदाचित निभावले असते, कारण कर्नेलकडे पाने साचूनच राहिली नसती. मूळ अडचण एकाच थ्रेडमध्ये दोन कामे असण्याची होती. तरीही १ जीबी मेमरीच्या बोर्डवर, दिवसचे दिवस एकाच दिशेने लिहिल्या जाणाऱ्या आणि पुन्हा न वाचल्या जाणाऱ्या मजकुराने पेज कॅश भरू नये ही अपेक्षा रास्त आहे, आणि आता अलाइनमेंट (पटींची जुळणी) नीट झाली आहे तर ओ-डायरेक्ट ठेवा. मात्र ओपनने ध्वज नाकारला किंवा पहिल्या लिखाणाला त्रुटी २२ आली, तर प्रोग्रामने तशी नोंद करून साध्या लिखाणावर यावे. एखाद्या फाइल सिस्टमला डायरेक्ट आय/ओ येत नाही म्हणून बार्जवरची नोंदणी बंद पडणे कोणालाच परवडणार नाही.

उत्तर (म्हापसा)

एक सूचना. पुढची वेगळी डिस्क बार्जवर भेटण्याची वाट पाहू नका. लॅपटॉपवरच पुरेशा आकाराची एक कोरी फाइल घेऊन, फाइलला डिस्कचे रूप देणाऱ्या लो-सेटअप या आज्ञेला 'सेक्टर-साइझ' म्हणून ४०९६ द्या, म्हणजे ४०९६ च्या लॉजिकल सेक्टरची डिस्क तयार होते. तिच्यावर एक्स्ट-४ बनवून ती माउंट करा आणि तुमचा जुना, १६,८९६ बाइटच्या नोंदींचा प्रोग्राम चालवा. त्याने तिथे त्रुटी २२ दिलीच पाहिजे. मग नवा चालवा. फाइल बंद करताना शेपटाची लांबी ० बाइट, १ बाइट, ४०९५, ४०९६ आणि ४०९७ बाइट अशी येईल, असे पाच प्रयोग करा. शून्य लांबीचे शेपूट लोक हमखास विसरतात.

प्रश्नकर्ता (वेर्णा)

तसेच केले. जुन्या प्रोग्रामने लॅपटॉपवर पहिल्यांदाच त्रुटी २२ दिली, ते पाहून बरे वाटले. नवा प्रोग्राम चार प्रयोगांत बरोबर चालला, पण शेपूट ० बाइटचे असताना तो संपूर्ण शून्यांचा एक सेक्टर लिहून मग फाइल कापत होता. लांबी वर नेण्याआधी शेपूट आहे की नाही ही तपासणी घातली. प्रत्येक बफरनंतर एफ-डेटासिंक ठेवला आहे, बाहेरची आज्ञा चालवणारा भाग वेगळ्या प्रक्रियेत नेला आहे, आणि पेटी सुरू होताना कोणत्या डिस्कवर कोणता सेक्टर मिळाला हे नोंदवहीत लिहिले जाते. वरिष्ठांना फोंड्याचे उत्तर छापून दिले. त्यांनी बफर २५६ केआयबीचा करायला सांगितले आहे. उद्या आमोण्याच्या धक्क्यावर दोन बार्जवर नवी आवृत्ती बसवणार आहे. देव बरे करो.